उन्हाळी महोत्सवात पहिल्यांदाच कविता सादर करताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महोत्सवाच्या छोट्या मंचासाठी नव्या कवी-लेखकांची निवड करणं आणि त्याच मंचावर सूत्रसंचालन करणं, ही दोन्ही कामं मी काही वर्षं केली आहेत. त्याआधी त्याच मंचावर कागद हातात धरून थरथरलेही आहे. दरवर्षी येणारे प्रश्न जवळपास तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते. काही उत्तरं माझ्या मताची आहेत, ती तशीच घ्यावीत.

स्पोकन वर्ड म्हणजे नेमकं काय? काव्यवाचनच ना ते?

कागदावर पूर्ण झालेली कविता आपण मोठ्याने वाचली, तर ते काव्यवाचन. स्पोकन वर्डची कविता लिहितानाच कानासाठी रचलेली असते. तिच्यातले थांबे, पुन्हा पुन्हा येणारी ओळ, श्वास कुठे घ्यायचा हे सगळं रचनेचाच भाग असतं. नुसता कागद वाचला तर ती कधीकधी अर्धवट वाटते, आणि तो दोष मानायचं कारण नाही.

रेष अर्थातच पुसट आहे. ११ जून १९६५ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ॲलन गिन्सबर्गसह बरेच कवी वाचायला उभे राहिले आणि ऐकायला सुमारे सात हजार माणसं आली. ते नावाला काव्यवाचनच होतं. १९ मे १९६८ ला न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या एका उद्यानात ‘द लास्ट पोएट्स’ या गटाचे कवी तालवाद्यांच्या साथीने पहिल्यांदा बोलले, तेव्हा मात्र कविता, भाषण आणि संगीत यांतलं काय कुठे संपतं हे सांगणं अवघड झालं होतं. १९७३ मध्ये कवी मिगेल अल्गारिन यांच्या न्यूयॉर्कमधल्या घरात जमू लागलेल्या मंडळींतून न्यूयोरिकन पोएट्स कॅफे उभा राहिला. घर, उद्यान, कॅफे, बार अशा जागांत हा प्रकार वाढला. म्हणजे ऐकणाऱ्याला कंटाळा आला तर तो उठून जाऊ शकेल, अशा जागांत. पुढची बरीच उत्तरं या एका गोष्टीभोवती फिरणार आहेत.

मग स्लॅम म्हणजे काय? महोत्सवात मला गुण देणार का?

स्लॅम ही स्पर्धा आहे, स्पोकन वर्ड हा प्रकार. शिकागोत बांधकामावर काम केलेल्या मार्क स्मिथ यांनी जुलै १९८६ मध्ये ग्रीन मिल या जॅझ क्लबात स्लॅम सुरू केला. प्रेक्षकांतले पाच जण परीक्षक होतात. त्यांनी कवितेचा अभ्यास केलेला असावा अशी अट नसते, नसलेला बरा असंच मानलं जातं. प्रत्येक जण शून्य ते दहा गुण देतो, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा गळतो, उरलेल्या तिघांची बेरीज होते. समजा ७.४, ८.२, ८.५, ९.१ आणि ९.८ मिळाले, तर तुमचे गुण २५.८. कविता स्वतःची हवी. वेळ तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सूट, त्यानंतर दर दहा सेकंदांना अर्धा गुण वजा. वेशभूषा, वस्तू, वाद्यं चालत नाहीत.

एक गंमत. स्पर्धा सुरू होण्याआधी परीक्षकांचा हात बसावा म्हणून एका कवीला स्पर्धेबाहेर सादर करायला लावतात. त्याला स्लॅमवाले सरळ ‘बळीचा कवी’ म्हणतात. तुम्हाला कोणी ही जागा देऊ केली तर जरूर घ्या. गुणांची धास्ती नाही, आणि ताजेतवाने कान पहिल्यांदा तुमच्याच वाट्याला येतात.

बहुतेक महोत्सवांत नवोदितांचं सत्र आणि स्लॅम वेगवेगळे असतात. निमंत्रणात काय लिहिलंय ते नीट पाहा. स्लॅमची कविता तशीच्या तशी साध्या सत्रात नेली की ती उगाच ओरडल्यासारखी वाटते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

‘नवोदित’ कोण? मी सेहेचाळीस वर्षांचा आहे.

चालेल. नवोदित हा शब्द वयाचा नाही, वाटचालीचा आहे. साधारणपणे ज्याचं स्वतंत्र पुस्तक आलेलं नाही किंवा एखादंच आलं आहे, आणि जो मोठ्या मंचावर मुख्य पाहुणा म्हणून गेलेला नाही, त्याला या गटात धरतात. काही योजनांना वयाची अट असते, तिथे ती स्पष्ट लिहिलेली असते. लिहिलेली नसेल तर स्वतःच लावून घेऊ नका.

मी कविता करत नाही. कथा लिहितो, ललित लिहितो. माझ्यासाठी जागा आहे का?

आहे, पण पुस्तकातलं पान वाचू नका. गद्यात लांब वाक्यं असतात, कोण कोणाला बोललं हे डोळ्याला अवतरणचिन्हांवरून कळतं, कानाला कळत नाही. संवाद कमी करा, पात्रं दोनच ठेवा, ‘तो म्हणाला’ शक्य तितकं काढा. पाच मिनिटांच्या गद्यात एकच प्रसंग पुरतो. ‘कादंबरीतला एक उतारा’ असं म्हणून मागचं सगळं कथानक समजावून सांगणारा लेखक आला की मला घड्याळाकडे पाहावंसं वाटतं.

अर्ज कधी करायचा?

वाटतं त्यापेक्षा बराच आधी. उन्हाळी कार्यक्रमांची आखणी बहुधा हिवाळ्यातच सुरू होते. आणि उन्हाळा सगळीकडे एकाच महिन्यात नसतो. ब्रिटनमध्ये वेल्समधल्या ‘हे’ नावाच्या गावातला हे फेस्टिव्हल (१९८८ पासून) मे-जूनच्या सुमाराचा आणि एडिनबरोचा पुस्तक महोत्सव (१९८३ पासून) ऑगस्टचा. तर ऑस्ट्रेलियात १९६० साली सुरू झालेला ॲडलेड रायटर्स वीक उन्हाळ्याच्या शेवटी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, बागेतल्या झाडांखाली भरत आला आहे. ‘उन्हाळ्यात पाहू’ असं ठरवून बसाल तर नेमक्या उलट वेळी जागे व्हाल.

व्हिडिओ मागितला आहे. चांगला कॅमेरा हवा का?

नको. फोन स्थिर ठेवा, तोंड प्रकाशाकडे, खोलीत पंखा बंद. एका दमात, न कापता, एकच कविता. संपादन केलेला, मागे संगीत घातलेला व्हिडिओ पाहिला की निवड करणाऱ्याला पहिली शंका येते ती हीच, की मंचावर या माणसाला सलग तीन मिनिटं जमतील का. निवडीला बसलेली माणसं एका बैठकीत पुष्कळ नोंदी पाहतात. ‘नमस्कार, माझं नाव, मी अमुक वर्षांपासून लिहितोय’ हे सगळं अर्जात लिहा. व्हिडिओ कवितेच्या पहिल्या ओळीपासून सुरू होऊ द्या.

दहा मिनिटं मिळाली आहेत. किती कविता बसतील?

आठ मिनिटांच्या. सूत्रसंचालकाने नाव घेतल्यापासून तुम्ही माइकपाशी पोहोचेपर्यंत वेळ जातो, टाळ्यांत जातो, ‘ऐकू येतंय ना?’ मध्ये जातो. शिवाय घरी मनात वाचताना लागलेला वेळ खोटा असतो. उभं राहून, मोठ्याने, तीन वेळा घड्याळ लावून वाचा आणि तिन्हींपैकी सर्वांत लांबलेली वेळ खरी धरा. शब्द मोजून अंदाज काढायचे इंग्रजीतले ठोकताळे आपल्या उपयोगाचे नाहीत. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे आपला एक शब्द त्यांच्या दोन-तीन शब्दांचं काम करतो आणि तेवढा वेळही खातो.

वेळ संपल्यावरही बोलत राहणारा कवी आपल्यापुढच्या कवीची मिनिटं खात असतो. तो पुढचा कवीही नवोदितच असतो, आणि विंगेत उभा राहून आपल्या दोन कवितांपैकी कोणती गाळायची हे ठरवत असतो. वेळेच्या आत संपवलंत तर आयोजकांना तुमचं नाव लक्षात राहतं. मी स्वतः पुढच्या वर्षीची नावं अशाच आठवणीवर सुचवली आहेत.

कोणती कविता निवडू? माझी सर्वांत चांगली कविता जरा अवघड आहे.

अवघड चालेल, गुंतागुंतीची चालणार नाही. कागदावर वाचणारा माणूस मागे जाऊन ओळ पुन्हा वाचतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. म्हणून प्रतिमा दाट असल्या तरी वाक्यरचना सरळ हवी. कर्ता कुठे, क्रियापद कुठे हे हरवलं की श्रोता हरवला.

एक चाचणी करा. कवितेशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाला ती एकदाच ऐकवा आणि अर्ध्या तासाने विचारा, काय आठवतंय? एखादी ओळ, एखादं चित्र निघालं तर ती कविता न्या. ‘छान होती’ एवढंच आलं तर घरी ठेवा.

क्रमाचंही बोलते. बंद सभागृहात हळू सुरुवात करून वर चढता येतं. उघड्यावर पहिल्या तीस सेकंदांत लोक थांबायचं की पुढे जायचं ते ठरवतात. पहिली कविता छोटी आणि स्वच्छ ठेवा. वाटेने जाणाऱ्याला मधूनच कान लावला तरी धागा सापडेल अशी. ज्या कवितेला शांतता लागते ती दुसरी, एकदा लोक बसले की. शेवटी टाळी खेचणारी ठेवावी हा सल्ला सगळे देतात. मला तो फारसा पटत नाही. शेवटी जी तुम्हाला सर्वांत आवडते ती ठेवा, आवाजात फरक पडतोच.

आणि कवितेआधीची प्रस्तावना? एक वाक्य. कवितेत जे येणारच आहे ते आधी सांगितलं की कवितेचं काम संपलं.

कविता पाठ हवीच का?

हवी असं काही नाही, पण उपयोग होतो. डोळे कागदावरून सुटतात, हात मोकळे होतात. मात्र अर्धवट पाठांतर हे कागदापेक्षा वाईट. आठवण्याची धडपड चेहऱ्यावर दिसते आणि मग लोक कविता सोडून तुमच्यासाठी काळजी करू लागतात. पाठ झालं की नाही हे कसं ओळखायचं? भांडी घासताना, चालताना, कोणी मध्येच हाक मारली तरी पुढची ओळ आपोआप आली, तर झालं.

फोनवरून वाचायचा बेत असेल तर उन्हाचा विचार करा. भर दुपारी पडदा दिसत नाही. आयफोनच्या वापरासाठी ॲपलने शून्य ते ३५ अंश सेल्सिअस असं तापमान सांगितलं आहे, आणि उन्हात ठेवलेला फोन त्याहून किती तरी जास्त तापतो. आधी पडदा मंद होतो, मग तापल्याची सूचना येऊन फोन बसतो. मंचावर तुम्हाला ती सूचना वाचून दाखवायची नसेल तर कागद न्या. मोठी अक्षरं, पानाच्या एकाच बाजूला, ओळ मध्ये तुटणार नाही असं.

विसरलो तर?

थांबा, श्वास घ्या, शेवटची आठवणारी ओळ पुन्हा म्हणा. बहुतेकांना ती मुद्दाम केलेली पुनरुक्ती वाटते. तरी नाही आठवलं तर खिशातला कागद काढा. ‘सॉरी’ म्हणू नका.

मोकळ्या मैदानात माझा आवाज विरून गेल्यासारखा वाटतो. ओरडू का?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो कार्यक्रम झाल्यावर विचारला जातो. खोलीत भिंती तुमचा आवाज तुम्हाला परत देतात. मैदानात परत काही येत नाही, त्यामुळे आवाज पोहोचत नाहीये असं वाटून माणूस चढा सूर लावतो. प्रत्यक्षात स्पीकरमधून तो व्यवस्थित जात असतो. दोन मिनिटांत घसा कोरडा, तिसऱ्या मिनिटाला सगळ्या ओळी एकाच पट्टीत, आणि कवितेतली हळू बोलायची जागा गेलीच. तेव्हा साउंडचेकच्या वेळी मित्राला मागच्या रांगेत उभं करा. तो ‘येतंय’ म्हणाला की त्याच्यावर विश्वास ठेवा, स्वतःच्या कानावर ठेवू नका.

माइक तोंडापासून चार बोटांवर. जवळ नेला की आवाजाला खर्ज येतो, फार जवळ नेला तर शब्द गढूळ होतात. प, फ, ब, भ या अक्षरांना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि माइकमध्ये धप्प होतं. माइक तोंडासमोर न धरता किंचित बाजूला, ओठांच्या कोपऱ्याकडे धरला की ते टळतं. जाळीचा गोल भाग मुठीत पकडू नका. रॅप गाणाऱ्यांचं पाहून पुष्कळ जण तसं करतात. मग माइक भलत्याच दिशेचा आवाज घेतो आणि शिट्टी वाजते. वारा असेल तर साउंडवाल्याकडे स्पंजची टोपी मागा, त्याच्याकडे ती असते.

आणखी एक बारीक गोष्ट, मला फार उशिरा कळलेली. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ५० मीटरवर बसलेल्या माणसापर्यंत तुमचा शब्द जायला आणि त्याचं हसू परत यायला मिळून पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, शिवाय त्याला हसायला सुचायला हवं. म्हणून विनोदी ओळीनंतरचा थांबा घरच्यापेक्षा थोडा लांब ठेवा. नवे कवी आपल्या वाट्याचं हसू पुढच्या ओळीखाली चिरडून टाकतात आणि मग म्हणतात, लोक थंड होते.

शेजारच्या मंचावर बँड वाजत असेल तर?

वाजत असेलच. ग्लास्टनबरीसारख्या संगीताच्या महोत्सवातही कवितेचा वेगळा मंच असतो, आणि तंबूच्या कापडाने ढोलाचा आवाज अडत नाही. लढू नका. एकदा त्याचा उल्लेख करून हशा मिळवा आणि पुढे चला. खूपच झालं तर शांत कविता बाजूला ठेवून ठेक्याची कविता घ्या. यासाठीच बरोबर एक जादा कविता असावी.

लोक मध्येच उठून गेले. माझं चुकलं का?

बहुतेक वेळा नाही. महोत्सवात माणसं वेळापत्रक हातात घेऊन फिरतात, मुलांना सू लागते, ऊन सरकतं. संध्याकाळच्या सभागृहात दिव्यांमुळे समोर काळोख असतो, इथे दिवसाउजेडी प्रत्येक चेहरा दिसतो, जांभईसुद्धा. जाणाऱ्यांकडे पाहू नका, बसलेल्यांतले तीन चेहरे निवडा, डावीकडे एक, मध्ये एक, उजवीकडे एक, आणि त्यांना ऐकवा.

मात्र एकाच ओळीपाशी दर वेळी हालचाल होत असेल तर ती ओळ तपासा.

आपल्या भाषेतली कविता परक्या श्रोत्यांपुढे म्हणावी का?

जरूर म्हणावी. रॉटरडॅमचा पोएट्री इंटरनॅशनल महोत्सव १९७० पासून कवींना त्यांच्याच भाषेत वाचायला बोलावत आला आहे, अनुवाद पडद्यावर दिसतो. कोलंबियातल्या मेडेयीन शहरात १९९१ साली, टोळीयुद्धाने शहर भाजून निघत असताना, कविता महोत्सव सुरू झाला. तिथेही कवी आपल्या भाषेत वाचतो आणि मग स्पॅनिश अनुवाद वाचला जातो. टेकडीवरच्या खुल्या नाट्यगृहात तो ऐकायला हजारो लोक बसत आले आहेत. या महोत्सवाला २००६ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला.

अनुवाद आयोजकांकडे आधीच द्या, आणि पडद्यावर जाणार असेल तर कार्यक्रमात ओळी बदलू नका, बिचारा पडदा सरकवणारा गोंधळतो.

पार्श्वसंगीत लावू का?

स्वतःचं किंवा मित्राने तुमच्यासाठी केलेलं असेल तर विचारून लावा. दुसऱ्याचं गाणं वापरायचं तर रचनेची आणि ध्वनिमुद्रणाची अशा दोन वेगळ्या परवानग्या लागू शकतात. कार्यक्रमाला आयोजकांनी परवाना काढला असला तरी तोच व्हिडिओ तुम्ही नंतर टाकलात की प्रश्न पुन्हा उभा राहतो. माझं मत विचाराल तर संगीताशिवाय उभं राहून पाहा. हळव्या सुरांवर कुठलीही कविता बरी वाटते.

मानधन मागायला संकोच वाटतो.

वाटू देऊ नका. विचारायचे प्रश्न साधे आहेत. मानधन आहे का, प्रवास आणि राहणं कोण देणार, पैसे कधी मिळणार, सोबतच्या माणसाला पास आहे का. हे ईमेलवर विचारा, फोनवरचं कोणाच्या लक्षात राहत नाही. सगळे महोत्सव एका नियमाने चालत नाहीत. एडिनबरोतच पाहा. १९४७ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या ‘फ्रिंज’ या नाट्य-कला महोत्सवात जागेचा आणि जाहिरातीचा खर्च बहुधा कलाकारच उचलतात, तर त्याच शहरातला पुस्तक महोत्सव लेखकांना मानधन देतो.

‘तुम्हाला एक्स्पोजर मिळेल’ हे उत्तर आलं तर नक्की काय मिळणार ते विचारा. चांगलं ध्वनिचित्रमुद्रण देणार असतील, तर पहिल्या वर्षी तो सौदा वाईट नाही. नुसतं पोस्टरवर बारीक अक्षरांत नाव असेल तर तुम्ही ठरवा.

त्यांनी व्हिडिओ काढला तर कविता त्यांची होते का?

नाही. बर्न करार, म्हणजे लेखन-कलेच्या हक्कांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, मानणाऱ्या देशांत कवितेवरचा हक्क नोंदणी न करताही कवीकडेच असतो. व्हिडिओ कुठे, किती काळ, कशासाठी वापरणार, हे मात्र तुम्ही सही केलेल्या कागदावर ठरतं. ‘कायमस्वरूपी’, ‘सर्व माध्यमांत’, ‘फक्त आमच्याकडे’ हे शब्द दिसले की थांबून विचारा. अनेक नियतकालिकं आंतरजालावर आलेली कविता ‘आधी प्रसिद्ध झालेली’ धरतात. एखादी कविता अंकासाठी राखून ठेवली असेल तर तिचं चित्रण नको असं आधीच सांगा.

माझ्या घरातल्या माणसांबद्दलची कविता आहे. ते समोर बसणार आहेत.

त्यांना आधी ऐकवा. मंचावरून पहिल्यांदा ऐकवणं हा धाडसाचा मार्ग वाटतो, पण त्यांना उत्तर द्यायला माइक नसतो. आणि जखम अजून ओली असेल, म्हणताना आवाज दर वेळी फुटत असेल, तर ती कविता या वर्षी राहू द्या.

पुस्तक नाही. विकायला काही न्यावं का?

चार-पाच कवितांची घडीची पुस्तिका न्या. फार छापू नका, परत आणायला जड होतं.

त्या दिवशी सोबत काय असावं?

पाणी, आणि ते मंचावर जायच्या आधीच्या काही तासांत थोडं थोडं प्यायचं. माइकपाशी घटाघट प्यायल्याने घसा लगेच ओला होत नाही, पोट मात्र गुडगुडतं. टोपी. न सळसळणारे कपडे, कारण माइकला कपड्याचा आवाजही ऐकू येतो. कवितांच्या दोन प्रती, एक तुमच्याकडे, एक सूत्रसंचालकाकडे. जादा कविता. तुमची ओळख दोन ओळींत लिहिलेली, नावाचा उच्चार समजेल अशी. पेन, कारण उतरल्यावर पाच मिनिटांच्या आत कागदावर खुणा करायच्या असतात, कुठे हसले, कुठे खोकले. आणि कागदांच्या पाठीला लावायला पुठ्ठा व चार चिमटे. एका दुपारी वाऱ्याने माझं दुसरं पान उचललं आणि थेट पहिल्या रांगेतल्या एका आजोबांच्या मांडीवर नेऊन ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, पान नीट वाचलं, आणि पुढची ओळ मला खालून सांगितली.